आज जरा नीट काप

"आज जरा नीट काप हं, चिमे. चारचौघांत उभं राहायचंय," दादा आरशात बघत म्हणाला.

चिमीला हसूच आलं. एरवी ग्रीसनं बरबटलेला हा माणूस आज चक्क इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या सलूनच्या खुर्चीत बसला होता.

"मुलगी बघायला चाललास की काय?" तिनं चिडवलं. तो हसला नाही.

तिनं कात्री उचलली. उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती वळत नव्हती. दादाच्या गॅरेजातल्या भागीदाराला तिनं लग्नाला नाही म्हटलं, तेव्हा त्यानं याच दुकानाचं शटर तिच्या हातावर ओढलं होतं. त्याला अटक झाली. तेव्हापासून पोलीस, वकील, फोन, सगळं दादानंच बघितलं. "तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस, मी आहे ना!" असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची.

एका बाजूचे केस कापून झाले, तेवढ्यात एक बाई दार ढकलून आत आल्या. पीडितांना मदत करणाऱ्या केंद्रातून आल्या होत्या.

"अहो, तुम्ही तर इथंच आहात! मन मानेना म्हणून येऊन बघितलं. तुम्ही गाव सोडलंत, तुम्हाला काही बोलायचं नाही, असं आम्हाला सांगितलं."

"कोणी?"

"तुम्ही दिलेल्या नंबरवरूनच. आज त्याच्या जामिनाची सुनावणी आहे. सोडायच्या आधी कोर्टानं तुमचं ऐकायला हवं, हक्क आहे तो तुमचा. आणि त्याला जामीन राहायला कोणीतरी तयारही झालंय म्हणे."

नंबर दादाचा होता. चिमीनं आरशात पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"दादा, आज तू कुठं उभा राहणार आहेस?"

"त्याच्याशिवाय गॅरेज चालत नाही गं. आणि तुझी बोटं आता बरी होतच आलीत ना..."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते इतकी वर्षं केस कापून तिला आज कळलं. बोटं मोडली तेव्हासुद्धा इतकं दुखलं नव्हतं.

तिनं कात्री ठेवली. त्याच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं.

"अगं, अर्धेच झालेत!"

"राहू देत," पर्स उचलत ती म्हणाली. "चारचौघांत आता मला उभं राहायचंय."