घरचा अभ्यास

“वर्गात सरळ, घरून उलटं!” मोठ्या बाईंनी चिमणीची वही समोर धरली. पानभर ‘ग’, आणि एकूण एकाचा काना डावीकडे. पेन्सिल इतकी दाबलेली, की मागच्या पानावर वळ उठले होते. “वर्गात शेजारणीचं बघून लिहीत असणार. शनिवारपर्यंत घरचा अभ्यास सरळ आला नाही, तर पोरगी पुन्हा पहिलीत.”

पहिलीच्या बाईंनी वही उचलून पिशवीत टाकली. एवढी चुणचुणीत पोर, तिला मागे ठेवायचं? शाळा सुटली तशा त्या तडक चिमणीच्या बाबांच्या सलूनमध्ये गेल्या.

बाबा एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, त्याखाली बाकावर चिमणी पाय हलवत बसलेली. समोर भिंतभर आरसा. बाईंनी आरशात पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“अहो, आरशात बघून लिहिलंय हे! तक्ता उलटा दिसतोय की तिथे!”

बाबांचा वस्तरा हवेतच थांबला. “उलटा?”

“बघा बाबा, मी सांगत नव्हते?” चिमणी म्हणाली.

“गप गं,” बाबा पटकन म्हणाले.

“रागावू नका तिला,” बाई म्हणाल्या. “कपाचा कान इकडे असो की तिकडे, कप तो कपच. अक्षराचं मात्र तसं नसतं. नवीन शिकताना डोळा फसतोच. त्यात लाजायचं काही नाही.”

“जाईल ना पण हे?” बाबांनी अगदी हळू विचारलं.

“जाईल हो! तक्ता तेवढा आरशाशेजारी लावा.”

“म्हणजे माझा भांगही आजवर उलटाच पाडला म्हणायचा,” गिऱ्हाईक साबणातून बोललं. सगळेच हसले. बाईंनी सहीसाठी वही पुढे केली.

“हात साबणाचे आहेत, बाई. उद्या पाठवतो.”

शनिवारी वही आली. पानभर ‘ग’, सगळे सरळ. पानाला चिकटलेले दोन बारीक केस बाईंनी फुंकरीने उडवले. मोठ्या बाईसुद्धा “शाब्बास!” म्हणाल्या, दुसरीच्या यादीत चिमणीचं नाव चढलं, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चकचकीत चांदणी काढली. ती पानावर चिकटवणार, तोच चिमणीने त्यांचा हात धरला.

“वहीत नको, बाई, हातातच द्या. बाबांच्या सदऱ्याला लावते. मला तर वर्गातच येतं. घरचा अभ्यास बाबांचा असतो.”