ऐकलं का

ठार बहिऱ्या रामहरीला सुनेनं, रोहिणीनं, बारामतीहून नवा फोन आणून दिला. कुणी बोललं की त्याचे शब्द पडद्यावर उमटायचे.

शेळगावच्या उसाला दोघं पाणी देत होती. पडद्यावर शब्द आले, 'अहो, ऐकलं का? सरी भरली, दारं मोडा.'

रोहिणीचे ओठ मिटलेले होते. सरी मात्र खरंच भरली होती, पाणी पुढच्या सरीत वळवायला झालं होतं.

"तुझी सासू अशीच सांगायची," रामहरी म्हणाला.

रोहिणीचं उत्तर उमटलं, 'आबा, आत्याबाईंना जाऊन दोन वर्सं झाली. हितं दुसरं कुणी न्हाय.'

मग खाली आलं, 'रोहिणी, तू तरी इकडं ये.'

रामहरीनं मान वर केली. रोहिणीनं हातातलं खोरं टाकलं, पदर डोक्यावर घेतला आणि उसाकडं तोंड करून काहीतरी बोलली.

पडद्यावर उमटलं, 'व्हय, आले आत्याबाई.'