आजोबांनी बांधलेला रुमाल

गळ्यात लाल रुमाल असल्याशिवाय बसमध्ये कुणालाच घेत नव्हते. क्रिस्पीन दारातच ठाण मांडून उभा होता, हातात यादी, खांद्याला रुमालांची पिशवी. बस लाल पक्षाची, प्रवास फुकट. राजधानीत, असुन्सिओनला, आज नवे राष्ट्राध्यक्ष शपथ घेणार होते आणि गावातून चाळीस डोकी आणतो असा शब्द त्यानं वरच्यांना देऊन ठेवला होता.

झुनिल्दानं रुमाल घेतला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून स्वेटरच्या खिशात कोंबला. बस गावाबाहेर पडली की बांधू, असं तिनं ठरवलं होतं. शाळेच्या शेवटच्या वर्गात होती ती, अख्खी राज्यघटना तोंडपाठ असलेली एकटीच. शपथ एकदा समोर उभं राहून ऐकायची, एवढंच तिला हवं होतं. पाच वर्षांतून एकदा येणारा दिवस, आणि तिकिटाला घरात दमडी नव्हती. आजोबांना तिनं सांगितलं होतं, शाळेची सहल आहे.

आणि आता आजोबाच समोरून येत होते. धापा टाकत, भट्टीतून काढलेले गरम चिपा, चीज घातलेले छोटे पाव, फडक्यात बांधून.

तिच्या आजोबांना, एलादिओबाबांना, गावात कोण ओळखत नव्हतं? बापजाद्यांपासून निळ्या पक्षाचे. निळ्या रुमालापायी तरुणपणी आठ महिने तुरुंगात काढलेले. त्यांच्या घरात लाल बादलीसुद्धा चालायची नाही. कोंबड्याच्या तुऱ्यापुढे तेवढा त्यांचा इलाज नव्हता.

"सहा वाजले तरी निघाली नाही होय तुमची सहल? बरं झालं," ते म्हणाले. "बाई कुठायत?"

"आत बसल्यात," झुनिल्दा म्हणाली.

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. तिची एक चप्पल बसच्या पायरीवर होती, दुसरी जमिनीवर.

"कुठल्या बाई?" क्रिस्पीननं यादीतून मान वर केली. मग त्याला आजोबा दिसले आणि त्याच्या तोंडावर हसू पसरलं. "अगं पोरी, रुमाल दिला होता ना तुला? घाल गळ्यात. नसेल घालायचा तर हो बाजूला, मागं माणसं ताटकळलीत."

झुनिल्दानं स्वेटरचा खिसा हातानं दाबून धरला.

"बाबा, तुम्हाला पण देऊ का एक?" क्रिस्पीन म्हणाला. "डोळे अधू झालेत तुमचे, आता कसला लाल न् कसला निळा!"

रांग खदखदून हसली. आजोबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते फक्त झुनिल्दाकडे बघत राहिले.

जमिनीवरचा पाय तसाच ठेवून वरचा खाली घेतला असता तर झालं असतं. आजोबांबरोबर घरी गेली असती, वाटेत चिपा खाल्ले असते, शपथ रेडिओवर ऐकली असती. तिला हे सगळं कळत होतं. तरी तिचा हात खिशात गेला. तिनं रुमाल बाहेर काढला, गळ्याभोवती घेतला, गाठ मारली. ती सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. शरमेनं तिचे कान तापले होते.

"इकडं ये," आजोबा म्हणाले.

त्यांनी चिपांचं गाठोडं तिच्या काखेत दिलं आणि रुमालाची दोन्ही टोकं हातात घेतली.

"असा बांधतात होय? वाऱ्यानं उडाला तर अर्ध्या वाटेत खाली उतरवतील तुला." त्यांनी गाठ मारली, वर दुसरी मारली, करकचून ओढून बघितली. एवढा वेळ त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. "जा. सगळं नीट बघून ये."

मग त्यांनी दोन्ही हात पँटला पुसले आणि ते घराकडे वळले.

असुन्सिओनमध्ये ऊन मी म्हणत होतं. रुमालवाल्यांना कठड्यालगतची जागा होती, त्यामुळे झुनिल्दाला सगळं दिसलं. लाल गालिचा, गणवेशातले घोडेस्वार, खांद्यावरून घेतलेला तिरंगी पट्टा. राष्ट्राध्यक्षांनी हात वर करून शपथ घेतली. एकेक शब्द तिला पाठ होता, पण आज त्यातला एकही कानात शिरला नाही. बाकीच्यांनी उकाड्यानं रुमाल कधीच काढून घामाला लावले होते. ती दोन्ही हातांनी गाठ सोडवत होती. नखं तुटायची वेळ आली तरी गाठ हलेना.

"अगं, गळा सोलून निघाला की तुझा!" शेजारची बाई म्हणाली. मांडीवर थर्मास घेऊन ती मोसंबं सोलत बसली होती. "थांब, सुरी आहे माझ्याकडं. कापून टाकते. फडकंच तर आहे."

"नको!" झुनिल्दानं गळ्यावर हात धरला. "आजोबांनी बांधलाय."

बाईचा चेहरा एकदम खुलला. "अगंबाई! म्हणजे आजोबांपासून आपलेच की गं तुम्ही!" तिनं झुनिल्दाला कुशीत ओढलं आणि मागच्या बायकांना ओरडून सांगितलं, "ए, बघा गं हिच्याकडं! तिसरी पिढी लाल! आजोबांनी स्वतःच्या हातानं बांधून पाठवलंय पोरीला!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं विचारलं, "खरंच का गं?"

झुनिल्दानं मान हलवली. हो म्हणून.