आत्याचं अर्धं वाक्य

सुनेत्राने दुपारी चाचणीसाठी डेटा सेंटरची, सगळी ये-जा तपासून सोडणारी मुख्य फायरवॉल मुद्दाम बंद केली. वाचा गेलेल्या माणसांचे विचार इथूनच आवाज होऊन त्यांच्या घरी पोचत, म्हणून जोडीला दुसरी फायरवॉल बसवली होती. पहिली बंद पडली की चालू बोलणं न तोडता या दुसरीने काम उचलायचं होतं. पण त्यासाठीची जुळणी सुनेत्राने उद्यावर ढकलली होती. दुसरी सुरू होईतो आठ सेकंद गेले.

संध्याकाळी आतेभावाचा, हेरंबचा फोन आला. वाचा गेल्यापासून आत्याही इथूनच बोलायची. "आई गेली गं. दोन दहाला."

"काही बोलली?"

"'सुनेत्राला सांग,' एवढं म्हणाली आणि आवाज तुटला. मला वाटलं, दमली असेल."

चाचणी दोन दहालाच झाली होती. फोन ठेवेपर्यंत सुनेत्राला ते हेरंबला सांगता आलं नाही.