आईसाठी आणलेलं लुगडं

क्लेमेंटीनने हातातल्या कागदाकडे बघत खणखणीत आवाजात प्रार्थना म्हटली आणि पापडी गावच्या चर्चमध्ये खसखस पिकली. तीच प्रार्थना तिच्या आधीची मुलगी नुकतीच म्हणून गेली होती. फादरांनी ऐनवेळी मुलींचे कागद बदलले होते. क्लेमेंटीनने मात्र पाठ केलेलंच म्हटलं, कारण कागदावरचं तिला वाचताच येत नव्हतं.

पहिल्या बाकावर बसलेल्या तिच्या वडिलांना, ॲन्सेल्म मास्तरांना, मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ध्या गावाला त्यांनी वाचायला शिकवलं होतं. आणि पोटची पोर पाचवीत गेली तरी ही अशी!

सोमवारी तिच्या शाळेतल्या सिस्टर लुसींनी बापलेकीला बोलावून घेतलं. सिस्टर नुकत्याच मुंबईहून प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या.

"मास्तर, पोरगी ढ नाही, आळशीही नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात. अक्षर आणि त्याचा आवाज, यांची सांगड तिला पटकन बसत नाही. मारून तर मुळीच बसणार नाही. सावकाश, वेगळ्या रीतीने शिकवू, शिकेल ती." मग त्यांनी विचारलं, "पुष्कळदा हे घराण्यात असतं. तुमच्याकडे आणखी कुणाला?"

मास्तरांची मान खाली गेली. "धाकट्या भावाला. अँथनीला. मला वाटायचं, नाटकं करतो. वळ उठेपर्यंत मारलाय त्याला, सिस्टर. शाळा सोडून रत्नागिरीला बोटीवर गेला तो."

पुढचं ते बोलले नाहीत. सहा वर्षांपूर्वी दोघा भावांच्या आईने अंथरूण धरलं, तेव्हा त्यांनी अँथनीला पत्र टाकलं होतं. ती गेल्यावर दुसरं. अँथनी उगवला तो थेट नाताळात, आईसाठी नवंकोरं लाल लुगडं घेऊन, हसत. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझी पत्रं मिळाली नाहीत तुला?"

"मिळाली, दादा."

मास्तरांनी त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

संध्याकाळी मास्तर कागद घेऊन बसले. आपण चुकलो, एवढं तरी अँथनीला कळवायला हवं होतं. 'प्रिय अँथनी, तुला मारलं त्याची मला...' इतकं लिहून झालं आणि क्लेमेंटीन जवळ येऊन टेकली.

"काकांना लिहिताय?"

"हो."

"पण त्यांना वाचून कोण दाखवणार, पप्पा?"

मास्तरांचं पेन थांबलं. ती दोन्ही पत्रं अँथनीने दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतली नसणार. वाचता येत नाही हे सांगायची लाज मास्तरांनीच छडी मारमारून त्याच्या अंगी मुरवली होती. त्यांच्या डोळ्यांपुढे ते लाल लुगडं आलं.

अँथनीने ते जिवंत आईसाठी आणलं होतं.