अंगावरचे लुगडे

सूनबाई पुन्हा नोकरीवर रुजू झाल्या, म्हणून सासूबाई समुद्र ओलांडून परदेशी गेल्या आणि उन्हाळ्याचे तीन महिने नातवाचे न्हाऊमाखू, भरवणे, निजवणे त्यांनी एखाद्या व्रतासारखे सांभाळले. आठ महिन्यांचे ते बालक त्यांच्या खांद्यावाचून अन्यत्र झोपेनासे झाले.

निघण्याच्या सकाळी बॅगांचे वजन करता करता मुलगा म्हणाला, "आई, यातल्या एकीत हाच लपून बसलेला सापडेल बघ!"

त्या हसल्या, पण मनातली शंका ओठांवर आलीच. "एवढासा जीव. माझी आठवण राहील का रे याला?"

मुलाने पुढची बॅग काट्यावर ठेवली. सूनबाई मात्र जवळ येऊन अदबीने म्हणाल्या, "आई, तुमच्या अंगावरचं हे लुगडं ठेवून जाल? आणि धुऊ नका हं. तुमचा वास राहू दे त्याला."

सासूबाईंना वाटले, जिला आपण तीन महिने कोरडी समजत होतो, तिच्या अंतःकरणात एवढी माया! त्यांनी आत जाऊन लुगडे बदलले, नीट घडी घालून सुनेच्या ओंजळीत ठेवले आणि म्हणाल्या, "हे पांघरलं की आजी आठवेल हो त्याला."

 

"आठवण कशाला हवी, आई?" घडी उलगडत सूनबाई म्हणाल्या. "उद्यापासून सांभाळायला येणाऱ्या बाई हे खांद्यावर टाकतील, म्हणजे तुम्ही गेल्याचं त्याला कळणारसुद्धा नाही."