शाफ्ट थांबेना

त्या यंत्राचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, कशालाही न टेकता गॅसच्या पातळ थरावर तरंगत फिरायचा. तोच थर आतलं काही बाहेर गळू देत नसे. गॅस बंद केला की शाफ्ट खाली टेकून थांबायचा.

त्या दुपारी तो थांबेना.

"ताई, गॅस बंद केलास ना?" फिटर भावाने फिटर बहिणीला विचारलं.

"मघाशीच. दाबाचा काटा शून्यावर आहे, बघ की!"

त्याने शाफ्टभोवतीच्या फटीपाशी कागदाची पट्टी धरली. ती आत ओढली गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. अगदी त्याच्याच श्वासाबरोबर.

"मस्करी पुरे हं," ताई म्हणाली.

खात्री करायला त्याने श्वास रोखला. पट्टी थांबली. शाफ्टही थांबला.

"सुटलो बाबा! घे आता श्वास."

त्याची छाती हलण्याआधीच पट्टी हलू लागली. शाफ्ट फिरू लागला.

"अरे, श्वास घे ना!"

त्याला तो घेता येईना.